स्कूटरचा मागचा टायर वारंवार जातोय? नवा टाकण्याआधी जुना नीट बघून घ्या

तक्रार साधारण अशी असते: "गेल्या पावसाळ्याआधी नवा टाकला होता, पुन्हा गोटा झाला. पुढचा मात्र अजून तसाच आहे." घोडबंदर रोडने रोज ये-जा करणारे, किंवा ठाण्याहून कळवा-ऐरोलीमार्गे महापे, तुर्भे, वाशीकडे कामाला जाणारे स्कूटरवाले हे हमखास ऐकवतात. दुकानातलं उत्तरही ठरलेलं, "कंपनी बदला." मग कंपनी बदलते, टायर बदलतो आणि वर्ष-दीड वर्षात पुन्हा तेच रडगाणं.

टायर वेळेआधी जात असेल तर कारण बहुतेक वेळा टायरच्या बाहेर असतं. हवेत, रिममध्ये, ब्रेकमध्ये, कधी शॉकअपमध्ये. ते कारण जुन्या टायरवर उमटलेलं असतं, पण दुकानात तो निघाला की थेट ढिगावर जातो आणि आपण तोवर मोबाइल बघत बसलेलो असतो. म्हणून टायर बदलायला जाण्याआधी घरीच, चांगल्या उजेडात, गाडी मेन स्टँडवर लावा आणि मागचं चाक हाताने सावकाश एक पूर्ण फेरा फिरवून बघा. इंजिन बंद ठेवून. हे सांगायला नको, तरी सांगतो.

नेहमीची झीज कोणती?

मागचा टायर पुढच्याच्या आधी जाणारच, त्यात काही बिघाड नाही. गिअरलेस स्कूटरमध्ये इंजिन, पट्टा आणि गिअरबॉक्स हा सगळा ऐवज मागच्या चाकाशीच जोडलेला असतो, गाडी पुढे ढकलण्याचं कामही त्याच चाकाचं, आणि मागे बसणाऱ्याचं वजनही बहुतेक त्याच्यावरच येतं. त्यात चाकाचा आकार. ॲक्टिव्हा ६जी किंवा ॲक्सेस १२५ या गाड्यांना पुढे ९०/९०-१२ आणि मागे ९०/१००-१० मापाचा टायर येतो (शेवटचा आकडा रिमच्या व्यासाचा, इंचांत). मापावरून हिशेब केला तर पुढच्याचा बाहेरचा व्यास साधारण ४६७ मिलिमीटर भरतो, मागच्याचा ४३४. म्हणजे एका किलोमीटरला पुढचं चाक सुमारे ६८० फेरे घेतं आणि मागचं ७३० च्या वर. ओझं जास्त, मेहनत जास्त, वर फेरेही जास्त. ज्युपिटरला दोन्हीकडे ९०/९०-१२ असतो, तिथे फेऱ्यांचा फरक पडत नाही, तरी आधी मागचाच जातो.

टायर संपला की नाही हे खाचांच्या तळाशी बघायचं. टायरच्या कुशीवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय (TWI) ही अक्षरं दिसतील. तिथून सरळ वर नक्षीच्या खाचेत गेलात की तळाशी रबराचा एक बारीक उंचवटा सापडतो. दुचाकीच्या टायरमध्ये तो साधारण ०.८ मिलिमीटरचा असतो. आजूबाजूचं रबर झिजून त्याच्या पातळीला आलं की टायर संपला. माझ्या मते आपल्याकडे तिथपर्यंत थांबूच नये. जूनमध्ये उड्डाणपुलाच्या सांध्यावरची ओली लोखंडी पट्टी किंवा मेट्रोच्या कामाजवळ रस्त्यावर टाकलेली पत्र्याची प्लेट असल्या टायरने ओलांडून बघा, म्हणजे कळेल. खरं तर नकाच बघू.

झीज कुठे आहे त्यावरून कारण

मधला पट्टा सपाट आणि दोन्ही कडांची नक्षी जवळजवळ नवी, हे सगळ्यात जास्त दिसतं. पाम बीच रोड किंवा ठाणे-बेलापूर रोडसारख्या सरळ रस्त्यावर रोजचं जाणं असेल तर एवढं होणारच. पण फारच लवकर झालं असेल तर हवा जास्त भरली जातेय का ते बघा. पंपावरचा पोरगा विचारत नाही, मशीनवर आधीच्या मोटरसायकलचा आकडा असतो, त्यावरच तुमचीही भरतो. जास्त हवेने टायर मधोमध फुगतो आणि तेवढाच भाग रस्त्याला लागतो. ॲक्टिव्हाला पुढे २२ पीएसआय आणि मागे एकट्यासाठी २९, मागे कोणी बसणार असेल तर ३६, असा कंपनीचा आकडा आहे. तुमची गाडी दुसरी असेल तर तिच्या माहितीपुस्तकात किंवा स्टिकरवर जो आकडा आहे तोच धरा, शेजाऱ्याचा नको.

दोन्ही कडा खाल्ल्या गेल्यात आणि मधे थोडी नक्षी शिल्लक आहे, तर हवा कमी राहतेय. याबद्दल खाली सविस्तर लिहितो, कारण "वारंवार"वाल्या तक्रारीचं मूळ बहुतेकदा इथेच सापडतं.

एकाच ठिकाणी तळहाताएवढा चपटा डाग आणि बाकी टायर ठीक, तर मागचा ब्रेक जोरात दाबून चाक घसटलंय. असे दोन-तीन डाग पडले की गाडी ठरावीक वेगाला ढुकढुक करायला लागते, आणि लोक बेअरिंग बदलत बसतात.

टायरवरून हात फिरवल्यावर खाली-वर अशा लाटा लागल्या तर शॉकअप तपासा. चाक रस्त्यावर उड्या मारत जातं तेव्हा जिथे आपटतं तिथे जास्त झिजतं. शॉकअपच्या दांड्याला तेलाचा ओघळ दिसतो का, आणि मागची सीट दाबून सोडल्यावर गाडी एकदा वर येऊन थांबते की झुलत राहते, एवढं घरीच बघता येतं.

एकच बाजू झिजली असेल तर चाक सरळ चालत नाही. रिम वाकलेली, किंवा इंजिन जिथे चासीला टांगलेलं असतं तिथले रबरी बुश गेलेले. हे मेकॅनिकचं काम, पंक्चरवाल्याचं नव्हे.

कुशीवर बारीक भेगा म्हणजे वय आणि ऊन. फुगवटा असेल तर आतली दोऱ्यांची वीण तुटली आहे. असा टायर दुरुस्त होत नाही आणि त्यावर "अजून एक महिना" काढायचाही नसतो.

हवा कमी राहते, पण पंक्चर सापडत नाही

ट्यूबलेस टायरची मोठी सोय ही की हवा एकदम जात नाही. तोटाही तोच. आठवड्याला पाच-सहा पीएसआय निसटत असेल तरी टायर बघून कळत नाही. अंगठ्याने दाबून तर मुळीच नाही, कारण स्कूटरच्या छोट्या टायरची कूस जात्याच कडक असते. गाडी चालत राहते, थोडी जड वाटते, ॲव्हरेज जरा पडतो, "ट्रॅफिकमुळे असेल" म्हणून आपण सोडून देतो, आणि तोवर कडा झिजत असतात, आतून टायर तापत असतो.

पहिला इलाज साधा: पेनसारखा हवा मोजायचा गेज विकत घ्या आणि डिकीत ठेवा. मोजायचं सकाळी, गाडी काढण्याआधी. धावून तापलेल्या टायरमध्ये आकडा वाढलेला दिसतो, तो बघून हवा सोडू नका. एकदा बरोबर हवा भरा आणि आठवड्याने पुन्हा मोजा. एखादा पीएसआय उतरला तर ठीक. त्याहून जास्त उतरला तर गळती आहे, आणि ती सापडल्याशिवाय नवा टायर टाकणं म्हणजे पैसे घालवणं.

गळती शोधायला बादलीत थोडं पाणी, त्यात शाम्पू, आणि एक जुना पेंटब्रश. चाकावर चार ठिकाणी लावायचं. आधी नक्षीवर, जिथे खिळा, स्क्रू किंवा तारेचा तुकडा असू शकतो. घोडबंदर रोडला बांधकामाच्या सळ्या बांधायची बारीक तार फार सापडते. ती खाचेत आडवी शिरून बसते आणि डोळ्यांना दगडासारखी दिसते. मग व्हॉल्वच्या तोंडावर. इथे बुडबुडा आला तर आतली पिन सैल आहे किंवा गेली आहे, दोन मिनिटांचं काम. मग व्हॉल्वच्या बुडाशी, जिथे रबरी नळी रिममधून बाहेर येते. ती नळी बोटाने थोडी वाकवून बघा. सरळ असताना काही दिसत नाही, वाकवली की भेग उघडते आणि फेस यायला लागतो. शेवटी रिम आणि टायर जिथे भेटतात त्या पूर्ण गोलाईवर, दोन्ही बाजूंनी. इथे घाई करू नका. फेस लावून दोन-तीन मिनिटं थांबा. मोठा बुडबुडा येत नाही, साबणाच्या फेसात बारीक पांढरी साय जमावी तसा एखाद्या वीतभर भागात फेस दाट होत जातो. ती जागा खडूने खूण करून ठेवा.

ठाणे-नवी मुंबईत पत्र्याच्या रिमवर ही शेवटची गळती फार दिसते. कारण गंज. खाडीची दमट हवा, चार महिने पाऊस, साचलेल्या पाण्यातून गाडी काढणं, हे तर आहेच. आतूनही पाणी शिरतं. टायर चढवताना पंक्चरवाला साबणाचं पाणी लावतो, त्यातलं थोडं आत राहतं. आणि कॉम्प्रेसरच्या टाकीत साठलेलं पाणी रोज सोडलं नाही तर हवेबरोबर तेही टायरमध्ये जातं.

टायर निघाला की बघा: रिमच्या ज्या पट्टीवर टायरची कड बसते तिथला रंग पापुद्र्यासारखा उचललेला असतो, आणि नख लावलं की खाली तांबूस पूड सुटते. टायरची कड त्या पापुद्र्यावर टेकलेली, आणि हवा त्याच्या खालून वाट काढते. दुकानदार फडकं मारतो आणि नवा टायर चढवायला घेतो. नेमक्या या क्षणी "दादा, आधी रिम घासून द्या" म्हणायचं. तारेच्या ब्रशने दोन्ही पट्ट्या धातू लागेपर्यंत घासायच्या, मग पॉलिश पेपर मारायचा. खड्डे बारीक असतील तर टायरच्या कडेला लावायचं काळं सीलर मिळतं, ते लावून टायर बसवला की गळती थांबते. एक दिवस चाक दुकानात ठेवता येत असेल तर प्रायमर आणि रंगाचा पातळ हात उत्तम, पण तो पूर्ण सुकायला हवा. ओल्या रंगावर टायर चढवला तर रंग टायरच्या कडेला चिकटतो आणि पुढच्या वेळी टायरबरोबर सोलून येतो.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांची स्कूटर दर आठवड्याला हवा मागायची. टायर बदलून झाला, व्हॉल्व बदलून झाला, पंक्चरचं जेल ओतून झालं. रिम कोणी घासलीच नव्हती. अखेर घासली तर एका जागी गंजाने पत्रा एवढा खाल्ला होता की रिमच नवी टाकावी लागली. त्यानंतर तक्रार बंद.

जेलबद्दल सांगायचं तर, खिळ्याच्या भोकाला ते चालतं, पण ज्याला रोगच ठाऊक नाही त्याने ते ओतू नये. पुढच्या वेळी टायर काढणारा आत चिखल बघून वैतागतो आणि रिम नीट तपासतही नाही. तसंच "साहेब, ट्यूब टाकून घ्या, कटकट मिटेल" हा सल्ला. ट्यूबने हवा टिकेल, पण खिळा लागला की ट्यूब एकदम बसते. मुंब्रा बायपासला मागून कंटेनर येत असताना ते नको. रिम गेली असेल तर रिमच बदला.

खड्ड्यात आपटून पत्र्याच्या रिमचा काठ आत गेला असेल तर तो ठोकून सरळ करता येतो. अलॉय रिमला तडा गेला असेल तर ठोकाठोकी करू देऊ नका.

ब्रेक घासतोय का?

मागचा ब्रेक "टाइट करून द्या" सांगायची आपल्याला सवय. तो इतका आवळला जातो की लिव्हर न दाबताही शू ड्रमला घासत राहतात. ॲक्टिव्हासारख्या गाडीत मागच्या ब्रेकच्या लिव्हरला टोकाशी १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल हवी. मेन स्टँडवर चाक फिरवताना थोडा अडसर लागणं साहजिक आहे, गिअरबॉक्स बरोबर फिरतो, पण ठरावीक जागी अडकत असेल किंवा घरी पोचल्यावर ड्रमजवळ जळका वास येत असेल तर ब्रेक सैल करून घ्या. आणि सवय मागच्याच ब्रेकवर अवलंबून राहायची असेल तर टायरची गत काय होणार? माजिवड्याच्या सिग्नलपर्यंत वेग कायम ठेवून शेवटच्या क्षणी डावी लिव्हर गच्च आवळणारे रोज दिसतात.

नवा घेताना

माप गाडीवर आहे तेच. रुंद टायरने गाडी भारदस्त दिसते, पण तो कुठेतरी घासतो, ॲव्हरेज खातो आणि रिमवर नीट बसत नाही. मापाच्या शेजारी ५३ जे (53J) असं काहीतरी असतं. ५३ म्हणजे त्या टायरला २०६ किलोपर्यंतचा भार चालतो, आणि जे हे अक्षर म्हणजे ताशी १०० किलोमीटरपर्यंतचा वेग. यापेक्षा खालचा आकडा घेऊ नका.

कुशीवर लंबगोल चौकटीत चार आकडे शोधा. ३५२४ असेल तर तो टायर २०२४ च्या पस्तिसाव्या आठवड्यात बनला. दुकानात धूळ खात पडलेला जुना माल मोठ्या कळकळीने "ऑफरमध्ये" दिला जातो, तो असा ओळखायचा. बिल मागा. नव्या टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, हेही बिलात तपासा. जास्त टिकणारा की जास्त पकडणारा, यात मी पकडणारा घेईन. कडक रबर किलोमीटर देतं, पण पहिल्या पावसात तीन हात नाक्याच्या वळणावर ते किलोमीटर आठवत नाहीत.

दुकानात उभं राहून बघायच्या गोष्टी

गाडी थंड असताना जा, कारण मागचं चाक काढायला बऱ्याच स्कूटरचा सायलेन्सर आधी उतरवावा लागतो. परत बसवताना इंजिनच्या तोंडाशी असलेलं गॅस्केट नवं टाकायला सांगा. जुनंच बसवलं तर दुसऱ्या दिवशीपासून फटफट आवाज येतो आणि त्याचा दोष उगाच टायरवाल्याच्या कामाला जातो. म्हणजे खरं तर त्याचाच असतो.

चाक निघालंच आहे तर ब्रेक शू बघून घ्या, ड्रममधली काळी पूड साफ करून घ्या. आत तेलकट ओल दिसली तर गिअर ऑइलचं सील गळतंय. ते आत्ताच बदललं तर दुसऱ्यांदा मजुरी जात नाही. व्हॉल्व नवाच टाका, टायरच्या किमतीपुढे तो फुकटच आहे.

टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. तो पुढे जाताना जसं चाक फिरतं तसा यायला हवा. कुशीवर रंगाचा पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्वजवळ ठेवतात, कारण ती टायरची हलकी बाजू. हवा भरताना टायरची कड रिमवर बसल्याचा फट्ट असा आवाज येतो, दोन्ही बाजूंनी एकेकदा. मग रिमच्या काठाला लागून टायरवर एक बारीक उठावदार रेघ दिसते. चाक फिरवून ती रेघ सगळीकडे काठापासून सारख्या अंतरावर आहे का बघा. कुठे आत बुडाली असेल तर टायर तिथे नीट बसलेला नाही. हवा सोडून, साबण लावून पुन्हा बसवायला सांगा. "चालवल्यावर बसेल" हे ऐकून निघू नका, ते बसत नाही.

नवा टाकूनही गाडी विचित्र वाटते तेव्हा

पहिले दोन-तीन दिवस वळणावर गाडी पटकन झुकते असं वाटेल. जुना मधोमध सपाट झालेला होता, नवा गोल आहे. याची सवय होते. नव्या टायरवर साच्यातून सुटावा म्हणून लावलेल्या द्रवाचा तुळतुळीतपणाही असतो, म्हणून पहिले १०० ते १५० किलोमीटर जोरात झुकवणं आणि करकचून ब्रेक मारणं टाळा. पाऊस असेल तर जरा जास्तच.

पण ठरावीक वेगाला मागची बाजू डुलत असेल तर आधी ती उठावदार रेघ पुन्हा बघा. रेघ सरळ असेल तर चाक हातात धरून डावी-उजवीकडे हलवा. चाकच खुळखुळत असेल तर एक्सलचा नट नीट आवळलेला नाही किंवा बेअरिंग गेलंय. अशी गाडी चालवत नेऊ नका, मेकॅनिकला जागेवर बोलवा. चाक घट्ट आहे पण चाकासकट इंजिन हलतंय, तर टांगणीचे बुश गेलेत. आणि यातलं काहीच नसेल तर रिम वाकलेली आहे. चाक फिरवताना काठाजवळ पेन्सिलचं टोक स्थिर धरा. कुठे लांब जातं आणि कुठे टेकतं ते दिसलं की मेकॅनिकला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.